पहिला पेला कोणापुढे?

१

जांभळ्या फडक्याची गाठ सोडली आणि कारखानाप्रमुख आराया कपाटासमोर जमिनीवरच बसले. फडक्यात वही होती. पण ती शाळेच्या दुकानात मिळते तसली, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी.

सेकी गावात चाकू-कात्र्यांचे कारखाने पायलीला पन्नास. त्यांत इसोगाई कंपनीचं नाव शस्त्रक्रियेच्या कात्र्यांसाठी, आणि तेही पोलादाला पाणी देण्याच्या तिच्या पद्धतीमुळे. कुठलं पोलाद कोणत्या रंगापर्यंत तापवायचं, तेलात किती श्वास धरायचं, हे आताच्या अध्यक्षांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. त्या वहीची दुसरी प्रत कोणी केली नव्हती. दुसरी प्रत म्हणजे दुसरा चोर, असं आजोबाच म्हणत.

वही कुणाकडे गेली हे ओळखायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. ओसाकाची एक बडी कंपनी वर्षभर भागीदारीसाठी मागे लागली होती. नोव्हेंबरच्या बारा तारखेला, मंगळवारी, तिची तीन माणसं येऊन बोलणी करून गेली. एकवीस तारखेला त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं: आता गरज उरलेली नाही. ते वाचूनच आराया कपाटाकडे धावले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक फोटो छापून आला. ओसाकाच्या त्या कंपनीचे नवे उपाध्यक्ष, मालकांचे जावई आणि वारस, कामिदे. बैठकीत हाच कामिदे सर्वांत खालच्या जागेवर, दाराजवळ, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या कार्डावर पद होतं: नियोजन विभाग, सहायक. स्वतःच्या डोळ्यांनी कारखाना पाहायला तो वेषांतर करून आला होता म्हणायचं. फक्त वेष सुटाचाच होता.

सोमवारी सकाळच्या सभेत, ऐंशी माणसांसमोर, कार्यकारी संचालक कुत्सुना पुढे आले. चोपन्न वर्षांचा, आवाज कधी न चढवणारा माणूस.

"त्या दिवशी कामिदे कोण आहे हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ज्याला माहीत होतं, त्याचं ओसाकाशी आतून सूत होतं. आणि ज्याचं सूत होतं त्यानेच वही दिली. माझं काही चुकतंय का?"

त्यांनी रांगांवरून नजर फिरवली.

"त्या दिवशी चहाचा पहिला पेला ओसाकाच्या संचालकांपुढे जायला हवा होता. तो गेला दाराजवळच्या सहायकापुढे. चहा कुणी दिला, ते सर्वांना ठाऊक आहे. कपाटाची किल्ली कुणाच्या टेबलात असते, तेही."

ऐंशी माना मागे वळल्या. मागच्या रांगेत नोनोमुरा चिहारु उभी होती. वय तेवीस, कार्यालय विभागात कारकून.

"आज पाचपर्यंत राजीनामा दे," कुत्सुना हळुवारपणे म्हणाले. "पोलिसांत न जाता मिटवू. तुझ्या वडिलांचं धार लावायचं दुकान आपल्याच कामावर चालतं, हेही लक्षात ठेव."

"नाही देणार," चिहारु म्हणाली.

या कंपनीच्या सभेत हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. कुणीतरी दचकून खोकलं. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक हात वर झाला.

२

हात कुराहाशी मित्सुएबाईंचा होता. कार्यालय विभागाच्या प्रमुख, वय सत्तावन्न, नोकरी एकोणचाळीस वर्षं. दर एप्रिलला नव्याने भरती होणाऱ्या प्रत्येकाला वाकायचं कसं, फोन घ्यायचा कसा आणि कार्ड द्यायचं-घ्यायचं कसं हे त्याच शिकवत. त्यामुळे अध्यक्ष सोडले तर सगळी कंपनी त्यांना 'बाई' म्हणायची.

"पाच वाजेपर्यंत मला द्या," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "चहा कसा द्यायचा हे हिला मी शिकवलंय. चूक असेल तर आधी माझी आहे."

सत्तर वर्षांच्या अध्यक्ष इसोगाईंनी घड्याळ पाहिलं. "पाच," ते म्हणाले. "एक मिनिट वर नाही."

चिहारु चहाच्या खोलीत पेले धूत होती.

"रडलीस?" बाईंनी विचारलं.

"कशाला? मी काय केलंय?"

"हेच सगळ्यांना सांगायचंय. त्या पोरापुढे पहिला पेला का ठेवलास?"

"तुम्हीच शिकवलंत म्हणून!" चिहारु गर्रकन वळली. तिच्या हातातून पाणी निथळत होतं. "पाहुणा कोण मोठा हे कळत नसेल तर तोंडाकडे बघू नकोस, कार्डांकडे बघ, असं कोण म्हणालं होतं?"

बाईच म्हणाल्या होत्या. मिळालेलं कार्ड खिशात कोंबायचं नाही. पाहुणे ज्या क्रमाने बसलेत त्याच क्रमाने ती समोर टेबलावर मांडायची. आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या माणसाचं कार्ड आपल्या कार्डांच्या पाकिटावर, गादीवर बसवल्यासारखं. ही गादी पाहिली की बैठकीत सर्वांत मोठं कोण हे न विचारता कळतं.

"मग?"

"मग काय! या झरोक्यातून पाहिलं." चहाची खोली आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये टेबलाच्या उंचीवर हातभर झरोका होता. "तीन कार्डं मांडली होती. दाराकडच्या टोकाचं पाकिटावर होतं. काळं पाकीट. दाराकडे तो तरुण बसला होता."

"वय पाहून तुला शंका नाही आली?"

"आली की. पण स्टोव्ह दाराजवळ आहे. म्हटलं, मोठा माणूस, थंडी वाजत असेल, म्हणून खाली बसला. माणसं विनयानेसुद्धा भलतीकडे बसतात. पण पाकिटावरचं कार्ड भलतं नसतं, हेही तुम्हीच..."

"पुरे. मी काय काय शिकवलं ते मला माहीत आहे. पाकीट कुणाचं होतं?"

चिहारुने ओठ चावला. "ते नाही दिसलं."

बाई वाकून झरोक्याला डोळा लावून उभ्या राहिल्या. पलीकडे शेवंतीची मोठी फुलदाणी होती आणि तिच्याआडून टेबलाची चार बोटं रुंद पट्टी तेवढी दिसत होती. कार्ड दिसलं असतं, हात दिसले असते. चेहरा कुणाचाच दिसला नसता.

"म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी त्या पोराला गादीवर बसवलं होतं," बाई सरळ होत म्हणाल्या. "छापील पद सहायक असताना."

"हे मी कुत्सुनासाहेबांना त्याच दिवशी सांगणार होते. ते म्हणाले, कारण देऊ नकोस, माफी माग."

"मागितलीस?"

"तेव्हा मागितली. आता कितीही बोलले तरी मागणार नाही."

कपाटाच्या किल्ल्या पाच. एक चिहारुच्या टेबलात. उरलेल्या चार अध्यक्ष, कुत्सुना, आराया आणि विक्रीप्रमुख सेगावा यांच्याकडे. बैठकीत यजमानांच्या बाजूला बसलेही हेच चौघे.

साडेदहा झाले होते.

३

आराया भट्टीपाशी होते. कानावर टॉवेल, भुवया जळून अर्ध्या झालेल्या.

"बाई, मला काही विचारू नका. मी वही गमावलेला माणूस आहे."

"वही राहू द्या. बारा तारखेला कार्डं कशी मांडलीत?"

"आता झाली ना पंचाईत." आराया ओशाळले. "तुम्ही रागावणार."

"रागवायचं मी ठरवते."

त्यांनी मागच्या खिशातून रेल्वेच्या पासाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. पासामागे चार कार्डं खुपसलेली, कोपरे दुमडलेले. "पाकीट भट्टीत पडलं दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून हेच."

"आणि यावर तुम्ही ओसाकाच्या संचालकांना बसवलंत?"

"छे! पासावर कसं बसवणार? तिघांनाही टेबलावर, सरसकट. गादी नाही न् काही नाही. कुत्सुनाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नाक शिंकरलंय."

"आराया, तुम्हाला काय वाटतं? वहीवरून ओसाकाला कात्री बनवता येईल?"

आरायांनी चिमटा तेलाबाहेर काढला, पात्याचा रंग पाहिला. "वहीत आकडे आहेत. हात नाहीत. पण हात विकत मिळतात, बाई. अजून दोन-तीन वर्षांनी करतील ते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पोरीच्या बापाला काम देणं थांबवायचं, असा निरोप मला सकाळी आला. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी काही आलेलं नाही."

अध्यक्ष आपल्या खोलीत दुपारचं जेवत होते. डबा अर्धा तसाच होता.

"मी कार्डं कशी मांडतो?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी मांडतच नाही, हे तुला चाळीस वर्षं माहीत आहे. वाचतो आणि वरच्या खिशात टाकतो."

"हो. आणि मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते, अध्यक्षांचं पाहून शिकू नका."

म्हातारा हसलाच असता, पण आवरलं. "कुराहाशी, तू तिला वाचवायला निघालीस. माझ्या माणसांपैकी कुणाला तरी बुडवायला निघालीस, असा त्याचा अर्थ होतो."

"चिहारु तुमची माणूस नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

आरायांकडे पाकीट नव्हतं. अध्यक्षांपुढे कार्डंच नव्हती. उरले दोघे, सेगावा आणि कुत्सुना. पाकीट दोघांचंही काळं होतं.

४

विक्रीप्रमुख सेगावा म्हणजे तोंडाचा पट्टा. नागोयापासून तोयामापर्यंतच्या निम्म्या इस्पितळांत त्यांना नावाने ओळखत. पण आज ते नको तितके कमी बोलत होते.

"मी? मी दहाच्या ठोक्याला बैठकीत होतो. सगळ्यांबरोबर कार्डं दिली, घेतली, मांडली. संचालक पाकिटावर, बाकीचे खाली. झालं."

"चहा आला तेव्हा होतात?"

"म्हणजे काय, होतोच."

"चांगला होता?"

"आं?"

"चहा. त्या दिवशी नवा डबा फोडला होता."

"उत्तम! गरमागरम," सेगावा म्हणाले आणि रुमालाने कपाळ पुसलं. नोव्हेंबर संपत आला होता आणि त्यांच्या खोलीत स्टोव्ह पेटवलेला नव्हता.

बाई चहाच्या खोलीत परत आल्या. "चिहारु, त्या दिवशी तबकात पेले किती होते?"

"सहा."

"तीन पाहुणे, चार यजमान. सहाच कसे?"

"झरोक्यातून मोजले तेव्हा हातांच्या जोड्या सहाच होत्या. सातवा पेला मागून मागवला. अध्यक्ष म्हणाले, सेगावाला आणा."

बाई आपल्या टेबलाशी गेल्या. कंपनीतल्या सर्वांची कार्डं छापून घेण्याचं काम त्यांच्याच विभागाचं. छापखान्याच्या पावत्या, माल कुठे नि किती वाजता पोचवला या नोंदीसकट, फाइलमध्ये तारखेवार लावलेल्या असत. बारा नोव्हेंबरची पावती त्यांनी दोनदा वाचली. मग ती घडी करून खिशात घातली आणि सेगावांच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं.

"सेगावा, बारा तारखेला दहा वीसला तुम्ही सायकलींच्या शेडमध्ये काय करत होतात?"

सेगावांचा चेहरा कात्रीच्या पात्यासारखा पांढरा झाला.

५

"दार लावा, बाई. पाया पडतो, दार लावा."

"लावलं. बोला."

"कार्डं संपली होती," सेगावा कुजबुजले.

बाई पाहतच राहिल्या.

"आदल्या दिवशी गिफूच्या प्रदर्शनात सगळी वाटली. सकाळी पाकीट उघडलं तर रिकामं! विक्रीप्रमुख, बाई! बावीस वर्षं नोकरी! ओसाकाच्या संचालकांसमोर दोन्ही हात रिकामे घेऊन उभा राहू? छापखान्याला फोन केला, म्हटलं तसाच ये, मागच्या बाजूने, शेडमध्ये. पंचवीस मिनिटं सायकलींच्या मागे उकिडवा बसलो होतो. हे बाहेर कळलं तर नागोयापर्यंत हसतील."

"आणि ती लाज झाकायला तुम्ही एका पोरीचा बळी जाऊ देत होतात."

"मला काय माहीत, चहाचा आणि माझ्या उशिराचा संबंध आहे म्हणून!"

"आहे. आता नीट आठवा. तुम्ही आत गेलात, कार्डं दिली-घेतली, कुत्सुनांच्या शेजारी बसलात. मग कार्डं कशी मांडलीत?"

सेगावांनी डोळे मिटले. त्यांचे हात आपोआप टेबलावर हलू लागले, नसलेली कार्डं मांडू लागले. मध्येच ते थांबले.

"अरेच्चा," ते म्हणाले.

"काय?"

"मी त्या पोरालाच पाकिटावर ठेवलं होतं."

"का?"

"कारण..." सेगावांनी डोळे उघडले. "बाई, उशिरा आलेला माणूस काय करतो? शेजारच्या वरिष्ठाचं बघतो आणि तसंच मांडतो. मलाही क्षणभर वाटलं, हा तर सहायक. पण कुत्सुनासाहेब कधी चुकत नाहीत. म्हटलं, ओळख करून देताना काहीतरी सांगितलं असेल, मी नव्हतो तेव्हा."

"हे पाच वाजता सगळ्यांसमोर सांगाल?"

"सायकलींच्या शेडसकट?"

"शेडसकट."

सेगावांनी पुन्हा रुमालाने कपाळ पुसलं. "छापखान्यातला तो पोऱ्या खदखदून हसत होता," ते शेवटी म्हणाले. "त्याने एव्हाना गावभर सांगितलंच असेल. चला, सांगतो."

चार वाजायला आले होते. बाईंना आणखी एक गोष्ट पाहायची होती. एक माणूस घाबरला होता, दुसरी पोर आरोपी होती. या दोघांच्या शब्दांवर कुत्सुना पाणी फिरवणार, हे त्यांना कळत होतं.

नोव्हेंबरअखेर कार्यालय विभाग नववर्षाच्या शुभेच्छापत्रांची यादी करतो. त्यासाठी प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षभरात जमा केलेल्या कार्डांची वही बाईंकडे येते. कुत्सुनांची वही नेहमीप्रमाणे सर्वांत आधी, शुक्रवारी सकाळीच आली होती. वर्तमानपत्र वाटलं जाण्यापूर्वी.

बाईंनी ओसाकाचं पान उघडलं. तीन कार्डं बाहेर काढून उलटी केली. आणि खुर्चीवर टेकून बसल्या.

६

पावणेपाचला बैठकीच्या खोलीत अध्यक्ष, कुत्सुना, आराया, सेगावा आणि चिहारु. चिहारुपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. ते कुत्सुनांनी ठेवलं होतं.

"कुत्सुनासाहेब," बाई उभ्या राहिल्या, "सकाळी तुम्ही जे म्हणालात ते मला सगळं मान्य आहे. कामिदे कोण हे ज्याला माहीत होतं, त्यानेच वही दिली. शब्दही बदलत नाही. माणूस तेवढा बदलायचाय."

"ऐकतोय."

"चिहारुने त्याला ओळखलं नव्हतं. तिने टेबलावर पाकिटावरचं कार्ड पाहिलं. चहा आला तेव्हा यजमानांच्या बाजूला तिघेच होते. अध्यक्ष कार्डं खिशात टाकतात. आरायांकडे पाकीट नाही, रेल्वेचा पास आहे."

"अरे देवा," अध्यक्ष पुटपुटले.

"उरलं एक पाकीट. तुमचं."

कुत्सुना शांत होते. "चहा देणाऱ्या मुलीने भोकातून काहीतरी पाहिलं म्हणे. हा पुरावा?"

"सेगावा."

सेगावांनी सगळं सांगितलं. शेडपासून ते शेजाऱ्याचं पाहून मांडलेल्या कार्डापर्यंत. आराया मध्येच फिस्कन हसले आणि अध्यक्षांनी पाहताच खोकल्यात लपवलं.

"उशीर झाकायला दुपारी जो खोटं बोलला, तो आता खरं बोलतोय कशावरून?" कुत्सुना म्हणाले. "आणि समजा, मी तसं मांडलं असेल. हातचूक. घाईत होते कधी कधी."

"बत्तीस वर्षांत तुमची हातचूक मी पाहिली नाही. तुम्ही माझे सर्वांत चांगले विद्यार्थी. म्हणूनच हे झालं. तोंडाने तुम्ही नाटक उत्तम केलंत. पहिल्यांदाच भेटतोय असं वाकलात, कार्ड दोन्ही हातांनी घेतलंत, 'सहायक' वाचलंत. मग डोकं अध्यक्षांच्या बोलण्याकडे गेलं आणि हात मोकळे सुटले. हातांना छापील पद कळत नाही. खरा मोठा कोण, एवढंच कळतं."

"भाषण छान आहे."

बाईंनी तीन कार्डं टेबलावर उलटी ठेवली. "ही तुमच्या कार्डांच्या वहीतली. शुक्रवारी सकाळी तुम्हीच माझ्याकडे पाठवलीत. नवा माणूस भेटला की त्याच संध्याकाळी कार्डाच्या मागे पहिल्या भेटीची तारीख पेन्सिलीने लिहायची, हे तुम्ही कधी चुकवलं नाही. ओसाकाचे संचालक: बारा नोव्हेंबर. त्यांचे विभागप्रमुख: बारा नोव्हेंबर." त्यांनी तिसऱ्या कार्डावर बोट ठेवलं. पाठ कोरी होती. "कामिदेंची पहिली भेट कधी झाली, कुत्सुनासाहेब?"

कुत्सुनांनी त्या कोऱ्या पाठीकडे पाहिलं.

"विसरलो असेन लिहायला," कुत्सुना म्हणाले. पण बोलताना त्यांचा हात पुढे गेला आणि ते कोरं कार्ड त्यांनी सुलटं करून इतर दोन कार्डांच्या वर, नीट सरळ रेषेत ठेवलं. सगळ्यांनी ते पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतःही पाहिलं. हात मागे घेतला, जणू चटका बसला.

"कुठे भेटलास?" अध्यक्षांनी विचारलं.

"गिफूला. नदीकाठच्या खानावळीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला." आवाज अजूनही चढला नव्हता. "तुमच्या पुतण्याला अध्यक्ष करणार असं तुम्ही ठरवलंत त्याच आठवड्यात. त्याला पोलाद आणि कथील यांतला फरक कळत नाही. बत्तीस वर्षं मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. ओसाकावाले सेकीत नवा कारखाना काढणार आहेत. तिथे पहिली खुर्ची आहे."

"ती तू माझ्याशी भांडून मागायची होतीस," अध्यक्ष म्हणाले. "या मुलीच्या गळ्यात दोर अडकवून नाही."

"चहा तिने दिला तेव्हा मला वाटलं, नशीब उघडलं." कुत्सुनांनी पहिल्यांदाच चिहारुकडे पाहिलं. "मला कळलंच नाही, तिने माझंच वाचलं म्हणून."

७

कुत्सुना गेल्यावर अध्यक्षांनी चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ घेतला.

"कुत्सुना प्रकृतीच्या कारणाने राजीनामा देईल. ओसाकाला मी वकिलामार्फत पत्र पाठवतो. बाहेर काही जायला नको. गावात तीन पिढ्यांचं नाव आहे." मग चिहारुकडे वळून ते म्हणाले, "तू उद्यापासून नेहमीसारखी कामाला ये. झालं गेलं विसरून जा."

चिहारुने पुढ्यातला कोरा कागद उचलला, चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

"नाही," ती म्हणाली.

"आता आणखी काय 'नाही'?"

"मला चोर म्हटलं ते ऐंशी माणसांसमोर. नाही म्हणायचं ते या बंद खोलीत? उद्या मी कामाला आले तर लोक म्हणतील, मालकांनी दया दाखवली. मला दया नको. जिथे म्हटलंत तिथेच मागे घ्या."

"म्हटलं ते कुत्सुनाने."

"तुम्ही शेजारी उभे होतात," चिहारु म्हणाली. "घड्याळ बघत."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. या माणसाशी असं त्याच्या बायकोनेही कधी बोललेलं बाईंना ठाऊक नव्हतं. "कुराहाशी, हिला समजाव. तू शिकवलेली आहे."

"हे मी शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "हे तिचं तिला येतं. आणि ती बरोबर आहे. उद्याच्या सभेत तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. कुत्सुनांच्या नावासकट, गिफूच्या खानावळीसकट. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत माझ्या. ती आजच मोजून घ्या हवी तर."

"धमकी देतेस?"

"नाही. वेळ कळवतेय. आठ वाजता."

आरायांनी पायांत चपला सरकवल्या. "मी पुढच्या रांगेत उभा राहीन," ते म्हणाले आणि भट्टीकडे निघून गेले. सेगावा जाताना चिहारुपुढे थांबून कमरेतून वाकले.

मंगळवारी आठला अंगणात सभा भरली. रात्री पहिलं दहिवर पडलं होतं आणि माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. कार्यकारी संचालकांची जागा रिकामी होती. अध्यक्ष पुढे आले. हातात लिहिलेला कागद होता, तो त्यांनी दुमडून ठेवला.

"वही कुत्सुनाने दिली," ते म्हणाले. "नोनोमुरा चिहारुने काही केलं नाही. काल इथे तिच्यावर आळ घेतला गेला. मी विचारलं नाही, अडवलं नाही. चूक माझी आहे. माफ करा."

आणि ते वाकले. कमरेतून, काटकोनात. पांढरे केस पुढे आले. समोरच्या ऐंशी माना सवयीने झुकल्या, कुराहाशीबाईंचीही. अध्यक्ष वाकल्यावर ताठ उभं राहणं कुणाच्या अंगवळणीच नव्हतं.

एकटी चिहारु ताठ उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना, मान सरळ. तिने वाकायचं नाही असं ठरवलं होतं, हे तिच्या मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं.

अध्यक्ष वर आले.

"माझे बाबा मागे फाटकापाशी उभे आहेत," चिहारु म्हणाली. तिचा आवाज अंगणभर गेला. "मीच बोलावलं त्यांना. चाळीस वर्षं तुमच्या कात्र्यांना धार लावून त्यांचे कान गेलेत. त्यांना ऐकू आलं नसेल."

सगळ्यांनी मागे पाहिलं. फाटकापाशी करड्या कोटातला एक ठेंगणा माणूस टोपी हातात धरून उभा होता. तो पुढे आला नाही.

"परत म्हणा," चिहारु म्हणाली. "मोठ्याने."

अध्यक्षांनी फाटकाकडे तोंड केलं, छातीत हवा भरून घेतली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.